झोपलेल्या घराचा जागा पहारेकरी

एक साधा प्रश्न. रात्री घरातील सर्वजण गाढ झोपेत असताना एखाद्या खोलीत काही जळू लागले, तर तुम्हांला जाग कशाने येईल? बहुतेकजण उत्तर देतील, "धुराच्या वासाने." उत्तर पटण्यासारखे वाटते, पण ते बरोबर नाही, आणि ही चूक जिवावर बेतणारी आहे.

२००४ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील मेरी कार्सकॅडन आणि रेचल हर्ट्झ ह्या संशोधिकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. झोपलेल्या निरोगी तरुणांच्या नाकाशी त्यांनी दोन वास आळीपाळीने सोडले. एक होता पुदिन्याचा, तर दुसरा पिरिडीन ह्या उग्र वासाच्या रसायनाचा. अगदी हलक्या झोपेत हे वास जाणवत होते. झोप जसजशी गाढ होत गेली, तसतसा वासाला मिळणारा प्रतिसाद कमी होत गेला. सर्वांत गाढ झोपेत तर वासाने कोणालाच जाग आली नाही. आवाज मात्र झोपेतही मेंदूपर्यंत पोचत होता. थोडक्यात, आपण झोपलो की नाकही झोपते; कान मात्र अर्धा जागा असतो.

त्यात आणखी एक संकट आहे. अपुऱ्या हवेत वस्तू जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा ह्या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. मग मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि झोपलेला माणूस जागा होण्याऐवजी बेशुद्धीकडे सरकत जातो. घरांच्या आगीत पुष्कळ माणसे ज्वाळांनी भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून दगावतात, ती ह्यामुळेच.

नाक झोपलेले आणि कान जागा, अशी स्थिती असेल, तर धुराचे रूपांतर आवाजात करणारे कोणीतरी घरात हवे. हे काम करणारी छोटी पेटी म्हणजे स्मोक अलार्म. मोठ्या कार्यालयांत, हॉटेलांत, रुग्णालयांत छताला चिकटवलेली पांढरी गोल डबी तुम्ही पाहिली असेल. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यांतही धूर ओळखणारी यंत्रणा बसवलेली असते. परदेशांत घरोघरी असणारी ही वस्तू आपल्या घरांत मात्र अजून क्वचितच दिसते. ती चालते कशी, निवडावी कशी, बसवावी कोठे आणि तिची निगा कशी राखावी, हे आपण पाहू. ह्यातील प्रत्येक नियमामागे तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच विज्ञान आहे.

फसलेल्या प्रयोगातून लागलेला शोध

१९३० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील पदार्थवैज्ञानिक वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे उपकरण बनवण्याच्या खटपटीत होते. त्यांची कल्पना अशी होती: हवेचे आयनीभवन करून तिच्यातून अगदी क्षीण विद्युत्प्रवाह वाहू द्यावा, विषारी वायू आत शिरला की त्याचे रेणू आयनांना चिकटतील आणि प्रवाह बदलेल. वायू सोडला, पण मापकाचा काटा काही हलेना. निराश होऊन येगर यांनी सिगारेट पेटवली, आणि थोड्याच वेळात प्रवाह कमी झाल्याचे त्यांना दिसले, असे सांगतात. जे काम विषारी वायूने केले नाही, ते धुराच्या कणांनी केले होते!

मग हे उपकरण घरोघरी पोचायला इतका उशीर का लागला? हा प्रवाह इतका क्षीण असतो, की तो मोजून त्यावर घंटा वाजवणे त्या काळी सोपे नव्हते. सुरुवातीची उपकरणे मोठी आणि महाग होती. ती कारखान्यांत आणि मोठ्या इमारतींतच परवडत. अमेरिकेत १९६५ साली ड्वेन पिअरसॉल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी बॅटरीवर चालणारा, घरात लावता येईल असा स्मोक अलार्म तयार केला आणि १९७० नंतर तो सर्वसामान्यांच्या घरांत शिरू लागला. आज अमेरिकेतील बहुतेक घरांत तो आहे. चालू स्थितीतील अलार्म असलेल्या घरांत आग लागली, तर मृत्यूचे प्रमाण तो नसलेल्या घरांच्या मानाने निम्म्याहूनही कमी असते, असे तेथील नोंदी सांगतात. "चालू स्थितीतील" हे शब्द लक्षात ठेवा. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आयनांचा पहारा

घरगुती स्मोक अलार्मचे मुख्य प्रकार दोन. पहिला आयनीभवनावर चालणारा. त्याच्या आत अमेरिसियम-२४१ ह्या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. एका ग्रॅमचा सुमारे तीस लाखावा भाग! ह्या मूलद्रव्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. ग्लेन सीबॉर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९४४ साली शिकागो येथे तयार केले. पण दुसऱ्या महायुद्धामुळे ही गोष्ट गुप्त होती. ११ नोव्हेंबर १९४५ रोजी सीबॉर्ग मुलांच्या 'क्विझ किड्स' ह्या रेडिओ कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले. तेथे एका मुलाने त्यांना विचारले, "आणखी काही नवी मूलद्रव्ये सापडली आहेत का?" सीबॉर्ग यांनी सरळ 'होय' म्हणून सांगून टाकले. वैज्ञानिकांच्या सभेत ही घोषणा व्हायला अजून पाच दिवस होते!

ह्या अमेरिसियममधून दर सेकंदाला सुमारे ३७ हजार अल्फा कण बाहेर पडतात. दोन पट्ट्यांमधील हवेच्या रेणूंवर ते आदळले, की रेणूंमधील इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन व ऋण आयन तयार होतात. पट्ट्यांना बॅटरी जोडलेली असल्यामुळे धन आयन एका पट्टीकडे आणि ऋण आयन दुसऱ्या पट्टीकडे धावतात आणि क्षीण प्रवाह सुरू राहतो. हा प्रवाह अँपिअरच्या एक अब्जांशापेक्षाही कमी असतो. आता धूर आत शिरला असे समजा. धुराचा कण हवेच्या रेणूच्या मानाने अगडबंब असतो. चपळ आयन त्याला चिकटले, की ते जड होऊन रेंगाळू लागतात, विरुद्ध प्रभाराच्या आयनांशी मिळून उदासीनही होतात. प्रवाह घटतो, विद्युत्मंडल ही घट ओळखते आणि कर्णा वाजू लागतो.

"किरणोत्सर्गी पदार्थ आणि तोही घरात?" अशी शंका तुमच्या मनात आली असेल. अल्फा कण हवेत जेमतेम काही सेंटिमीटर जातात. साधा कागदही त्यांना अडवतो. त्यामुळे बंद डबीतून ते बाहेर येत नाहीत. मात्र अशी डबी फोडून आतील भाग काढण्याचा 'प्रयोग' चुकूनही करू नका. हा पदार्थ श्वासावाटे किंवा अन्नातून पोटात गेला तर धोकादायक आहे. आपल्या देशात अशा उपकरणांवर मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते, आणि आयुष्य संपलेली डबी कचऱ्यात न टाकता पुरवठादाराकडे परत द्यावयाची असते.

प्रकाशाचा पहारा

दुसरा प्रकार प्रकाशविद्युत् अलार्मचा. त्याच्या आत एक काळोखी कप्पी असते. एका बाजूने छोटा दिवा, म्हणजे एलईडी, बहुधा अवरक्त प्रकाशाचा झोत सोडतो. प्रकाश ओळखणारा घटक समोर नसतो. तो कोनात, बाजूला बसवलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर झोत सरळ निघून जातो आणि त्या घटकाला काहीच 'दिसत' नाही. धुराचे कण आले की त्यांच्यामुळे प्रकाश चोहोबाजूंना विखुरतो, त्यातील थोडा त्या घटकावर पडतो आणि घंटा वाजते.

दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धुळीचे कण तरंगताना तुम्ही पाहिले आहेत. तोच हा परिणाम. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल ह्या शास्त्रज्ञाने त्याचा कसून अभ्यास केला, म्हणून त्याला टिंडल परिणाम म्हणतात. योगायोग असा, की ह्याच टिंडल यांनी अग्निशामक जवानांना धुरात शिरता यावे म्हणून श्वसनासाठी एक गाळणीही तयार केली होती!

करून पाहा

एक काचेची बरणी, एक विजेरी, एक उदबत्ती आणि अंधारी खोली एवढेच साहित्य घ्या. घरातील मोठे माणूस जवळ असू द्या. रिकाम्या, कोरड्या बरणीतून विजेरीचा झोत आडवा सोडा आणि बाजूने पाहा. बरणीच्या आतील हवेत झोत जवळजवळ दिसत नाही. आता बरणी उपडी धरून तिच्यात उदबत्तीचा थोडा धूर भरा आणि पुन्हा झोत सोडा. झोताची वाट लख्ख दिसू लागेल. बाजूने पाहणारा तुमचा डोळा म्हणजेच अलार्ममधील तो प्रकाश ओळखणारा घटक.

प्रयोग येथे थांबवू नका. दुसऱ्या वेळी बरणीत गरम पाण्याची वाफ धरा. तिसऱ्या वेळी चिमूटभर टाल्कम पावडर उडवा. दोन्ही वेळा झोत दिसेल. ह्याचा अर्थ काय? बिचाऱ्या अलार्मला धूर, वाफ आणि धूळ ह्यांतील फरक सहजासहजी कळत नाही. तो कोठे बसवावा आणि त्याची निगा कशी राखावी, हे ठरवताना ही गोष्ट फार उपयोगी पडणार आहे.

कोणता निवडावा?

दोन प्रकारांत चांगला कोणता? उत्तर धुराच्या कणांच्या आकारावर अवलंबून आहे. भडकून पेटलेल्या कागदाच्या धुरात अतिशय बारीक कण पुष्कळ असतात. ज्वाळा न दिसता आतल्या आत धुमसणाऱ्या गादीच्या धुरातील कण त्या मानाने मोठे असतात.

थोडे गणित करू. एक मायक्रॉन व्यासाचा एक कण घ्या. त्याच वस्तुमानात ०.१ मायक्रॉन व्यासाचे किती कण बसतील? घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून १० × १० × १० = १००० कण. आयन किती अडकतील, हे साधारणपणे कणांची संख्या आणि व्यास ह्यांच्या गुणाकारावर ठरते. मोठ्या कणासाठी हा गुणाकार १ × १ = १ येतो. लहान कणांसाठी तो १००० × ०.१ = १०० येतो. म्हणजे धुराचे वजन तेच असूनही बारीक कणांचा धूर आयनीभवन अलार्मला शंभरपट 'जाणवतो'. प्रकाशाचे नेमके उलट आहे. हजार बारीक कण मिळून जेवढा प्रकाश विखुरतात, त्याहून एकटा मोठा कण कितीतरी अधिक विखुरतो. म्हणून भडकत्या आगीत आयनीभवन अलार्म थोडा आधी वाजतो, तर धुमसत्या आगीत प्रकाशविद्युत् अलार्म पुष्कळ आधी वाजतो.

धुमसती आग किती फसवी असते, हे मुंबईने एकदा पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्याच्यात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकेही होती. कापूस आत धुमसत राहिला. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली, तेव्हा दाट धुरामुळे तिचे मूळ ठिकाण सापडेना. शेकडो टन पाणी ओतूनही ती विझली नाही आणि चार वाजून सहा मिनिटांनी जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दुर्घटनेत मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

घर म्हणजे काही गोदी नव्हे. पण कापूस तोच. आपल्या गाद्या, रजया, उशा, गोधड्या कापसाच्याच असतात. अंथरुणाला टेकलेली डासांची कॉइल, विझली असे समजून टाकलेली विडी, चालू राहिलेली इस्त्री ह्यांनी लागणारी आग बहुधा आधी धुमसते आणि मग पेटते. शिवाय फोडणीसारख्या बारीक कणांच्या धुराने आयनीभवन अलार्म वरचेवर उगाच वाजतो. म्हणून घरात एकच प्रकार घ्यावयाचा असेल, तर प्रकाशविद्युत् अलार्म घेणे शहाणपणाचे. दोन्ही तंत्रे एकत्र असलेले अलार्मही मिळतात.

विकत घेताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पेटीवर मान्यताप्राप्त मानकाचा उल्लेख आहे का? युरोपीय मानक ईएन १४६०४ आणि अमेरिकी मानक यूएल २१७ हे घरगुती अलार्मसाठीच आहेत. दुसरी, उत्पादनाची तारीख; दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला अलार्म घेऊ नये. तिसरी, वीज. केवळ घरच्या विजेवर चालणारा अलार्म वीज गेली की मुका होतो, म्हणून त्याला आत बॅटरीचा आधार हवाच. मोठ्या घरासाठी एकमेकांना जोडलेले अलार्म उत्तम. एका खोलीत धूर झाला की सर्व खोल्यांतील अलार्म एकदम वाजतात.

एक महत्त्वाचा इशारा. स्मोक अलार्मला स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळत नाही, कारण गॅसमध्ये धुराचे कण नसतात. त्यासाठी वेगळा सूचक लागतो. तो छताजवळ नव्हे, तर जमिनीजवळ लावावा लागतो, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असून खाली साठतो. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ह्या क्रमांकावर कळवा.

कोठे बसवावा?

तापलेली हवा विरळ होऊन वर जाते आणि आपल्याबरोबर धूरही नेते. धूर प्रथम छतापाशी साठतो आणि मग त्याचा थर हळूहळू खाली उतरतो. म्हणून अलार्मची जागा छत हीच, शक्यतो खोलीच्या मध्याकडे. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा साचून राहते आणि तेथे धूर उशिरा पोचतो. त्यामुळे छतावर लावताना भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर दूर लावावा. भिंतीवरच लावावयाचा असेल, तर छतापासून १० ते ३० सेंटिमीटर खाली लावावा.

आपल्या घरात एक गोष्ट हमखास आडवी येते, ती म्हणजे छताचा पंखा. पंखा रात्रभर फिरतो, हवा घुसळतो आणि धूर पातळ करून दूर ढकलतो. पात्यांच्या टोकापासून अलार्म निदान ९० सेंटिमीटर लांब असावा. खिडकीच्या झोतातही तो नको.

तुमचा बरणीचा प्रयोग आठवा. वाफेमुळे प्रकाश विखुरतो, म्हणून न्हाणीघराच्या दारापासूनही ९० सेंटिमीटरचे अंतर ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्यापासून ३ मीटर दूर राहा. देवघरावर नेमका अलार्म लावलात, तर रोजच्या धूप-उदबत्तीला तो आरडाओरडा करील आणि एक दिवस कोणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढून टाकील. खरे संकट येते ते अशाच काढून ठेवलेल्या बॅटरीमुळे. स्वयंपाकघरासाठी उष्णतेवर चालणारा वेगळा अलार्म मिळतो. तेथील तापमान सुमारे ५७ अंश सेल्सिअसपर्यंत पोचले की तो वाजतो. फोडणीच्या धुराने वाजत नाही. पण तो धुराच्या अलार्मइतका लवकर वाजत नाही, म्हणून झोपण्याच्या खोलीत तो चालणार नाही.

किती अलार्म हवेत? प्रत्येक झोपण्याच्या खोलीत एक, त्या खोल्यांच्या बाहेरील वाटेत एक आणि प्रत्येक मजल्यावर निदान एक, असा नियम आहे. खोलीच्या आत का, हेही गणितानेच समजते. अलार्मचा आवाज ३ मीटरवर सुमारे ८५ डेसिबल असतो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने घटतो: ६ मीटरवर ७९, १२ मीटरवर ७३. मध्ये बंद दार आले की आणखी घट. त्यात लहान मुलांची झोप इतकी गाढ असते, की पुष्कळ मुले ह्या किनऱ्या आवाजानेही जागी होत नाहीत. वृद्धांना उंच स्वर ऐकू येणे कमी होते. म्हणून घरातील धडधाकट माणसांपैकी कोणी मुलांना आणि आजी-आजोबांना उठवावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

एकाच अलार्मची ऐपत असेल तर? तो झोपण्याच्या जागेजवळ लावा. चाळीतील एका खोलीच्या घरात ओटा आणि अंथरूण जवळजवळच असतात. तेथे ओट्यापासून शक्य तितका दूर, झोपण्याच्या बाजूला, प्रकाशविद्युत् अलार्म लावावा. काही मिनिटांपुरता आवाज थांबवणारे बटण असलेला अलार्म येथे विशेष सोयीचा.

निगा कशी राखावी?

आता "चालू स्थितीतील" ह्या शब्दांकडे वळू. छतावरचा मुका अलार्म हा अलार्म नसण्याहून वाईट, कारण त्याच्या भरवशावर घर निर्धास्त झोपते.

महिन्यातून एकदा, समजा पहिल्या रविवारी, अलार्मवरील चाचणीचे बटण दाबा. हे काम तुम्ही विद्यार्थ्यांनीच अंगावर घ्या. उंचावर हात पोचत नसेल तर काठीने बटण दाबता येते. आवाज घरातील प्रत्येक अंथरुणापाशी ऐकू येतो का, हेही दारे बंद करून तपासा.

अलार्म थोड्या थोड्या वेळाने नुसताच 'टिक्' असा चिवचिवू लागला, तर तो आग सांगत नाही. "माझी बॅटरी संपत आली" एवढेच सांगतो. बदलता येणारी बॅटरी वर्षातून एकदा बदलावी. दिवाळीची साफसफाई हा त्यासाठी उत्तम मुहूर्त. त्याच वेळी मऊ कुंच्याने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने फटींतील धूळ आणि कोळिष्टके काढावीत. आपल्याकडे धूळ फार, आणि बारीक किडेही आत शिरतात. दोन्ही खोटा इशारा देऊ शकतात. पाण्याने धुऊ नये. खोलीला रंग देताना अलार्मवर पिशवी बांधावी आणि काम संपताच ती आठवणीने काढावी. अलार्मला मात्र रंग लावू नये. फटी बुजल्या की धूर आत शिरणार कोठून?

दहा वर्षे झाली की संपूर्ण अलार्म बदलावा. येथे तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी विचारील, "अमेरिसियमचे अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षे असते. मग दहा वर्षांत बदलायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. दहा वर्षांत अमेरिसियम केवळ दीड टक्क्याच्या आसपासच घटते. अमेरिसियम टिकते, पण बाकीचे भाग टिकत नाहीत. धूळ, दमट हवा आणि उष्णता ह्यांनी विद्युत्मंडल आणि कर्णा दुबळे होतात. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते.

घंटा वाजली, पुढे काय?

अलार्म आग विझवत नाही. तो तुम्हांला फक्त वेळ देतो. किती वेळ? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने ह्याची मोजणी केली. १९७५ सालच्या चाचण्यांत भडकत्या आगीत घर असह्य व्हायला सरासरी १७ मिनिटे लागत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत हा काळ ३ मिनिटांवर आला होता. फोम आणि कृत्रिम धाग्यांचे आजचे सामान फार झपाट्याने जळते, हे त्याचे मोठे कारण. जिवंत बाहेर पडायला तीन मिनिटे!

आता आपल्या घराकडे पाहा. दाराला आतून कुलूप आहे का? किल्ली अंधारातही सापडेल अशा ठरलेल्या जागी आहे का? खिडक्यांना पक्क्या लोखंडी जाळ्या आहेत का, आणि त्यांतील एक तरी आतून उघडता येते का? जिन्यात जुने सामान रचलेले आहे का? ह्या प्रश्नांची उत्तरे आग लागण्यापूर्वीच द्यावी लागतात.

गजर ऐकू आला की सर्वांना हाका मारा आणि निघा. धूर वर असतो, म्हणून खाली वाकून, गरज पडल्यास रांगत जा. बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. ते तापलेले असेल तर उघडू नका, दुसरी वाट घ्या. मागे राहिलेली दारे ओढून घ्या, म्हणजे धूर अडेल. उद्वाहक वापरू नका, जिन्यानेच उतरा. बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर कळवा. दप्तर, पैसे, दागिने ह्यांसाठी पुन्हा आत जाऊ नका. बाहेर सर्वांनी जमण्याची एक जागा ठरवून ठेवली, म्हणजे कोण आले आणि कोण राहिले हे लगेच कळते.

विचार करा

१. तुमच्या घराचा नकाशा काढा. ओटा, न्हाणीघर, देवघर, पंखे आणि अंथरुणे दाखवा. वर दिलेली अंतरे सांभाळून अलार्मची जागा ठरवा.

२. कौलारू घरात आणि स्लॅबच्या घरात छतापाशी धूर सारखाच साठेल का? का?

३. आयनीभवन अलार्म अतिशय उंच पर्वतावर नेला, तर विरळ हवेमुळे त्यातील प्रवाहावर काय परिणाम होईल?

४. आज रात्री घड्याळ लावून घरातील सर्वांनी अंथरुणापासून बाहेरच्या जमण्याच्या जागेपर्यंत जाऊन पाहा. किती वेळ लागला? तीन मिनिटांहून अधिक लागला असेल, तर कोठे अडले ते शोधा आणि तो अडथळा उद्याच दूर करा.